छतावर सोलर बसवायचंय? आधी बारा महिन्यांची बिलं काढा

घरावर सोलर बसवायचं ठरलं की पहिला प्रश्न सगळे एकच विचारतात: किती किलोवॉटचं घेऊ? उत्तर देणारा बहुतेक वेळा विक्रेता असतो आणि त्याचं उत्तर ठरलेलं असतं: तीन. कारण केंद्र सरकारचं अनुदान तीन किलोवॉटला कमाल होतं. पण तुमचा फायदा अनुदानावर कमी आणि तुमच्या बिलातल्या स्लॅबवर जास्त अवलंबून आहे. आमच्या घरी सोलर बसल्यावर नात्यातल्या, शेजारपाजारच्या बऱ्याच जणांचे अर्ज भरायला मी मदत केली. लोक कुठे अडतात, कुठे फसतात हे त्यातून कळलं, ते इथे क्रमाने लिहितो. सगळं महावितरणच्या घरगुती ग्राहकाला धरून आहे. मुंबईत वीज कंपनी वेगळी असली तरी केंद्राचं पोर्टल आणि अनुदान तेच. दर मात्र तुमच्या कंपनीचे घ्या.

1. योजना काय देते, काय देत नाही

पीएम सूर्यघर मोफत वीज योजना फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाली. एक कोटी घरांचं लक्ष्य आणि 75,021 कोटी रुपयांची तरतूद. घरगुती ग्राहकाला मिळणारं अनुदान असं: पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी 30,000 रुपये, तिसऱ्या किलोवॉटला 18,000. म्हणजे एक किलोवॉटला 30 हजार, दोनला 60 हजार, तीनला 78 हजार. चार घ्या, पाच घ्या, दहा घ्या, अनुदान 78 हजारच. गृहनिर्माण सोसायटीला सामाईक वापरासाठी, म्हणजे लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांसाठी, किलोवॉटमागे 18,000 रुपये वेगळे आहेत.

‘महिन्याला 300 युनिट मोफत’ या जाहिरातीचा अर्थ नीट समजून घ्या. सरकार तुम्हाला 300 युनिट फुकट देत नाही. तीन किलोवॉटची यंत्रणा महिन्याला साधारण तेवढी वीज तयार करते, एवढाच त्याचा अर्थ. स्थिर आकार आणि त्यावरचं वीज शुल्क सोलर बसवल्यावरही दरमहा येतच राहतं. त्यामुळे ‘बिल शून्य’ असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

तुमचा वापर महिन्याला 100 युनिटांच्या आत असेल किंवा कुटुंब दारिद्र्यरेषेखालचं असेल, तर 2025 मध्ये राज्य सरकारने आणलेली स्मार्ट योजना आधी बघा. तीत एक किलोवॉटच्या यंत्रणेला केंद्राच्या 30 हजारांवर राज्याची भर पडते: दारिद्र्यरेषेखालील ग्राहकाला 17,500, अनुसूचित जाती-जमातीच्या ग्राहकाला 15,000 आणि इतरांना 10,000 रुपये. एरवी इतक्या कमी वापराच्या घराला सोलरचा हिशेब जुळत नसे. या भरीमुळे तो जुळतो.

2. बिलं समोर घ्या आणि किलोवॉट ठरवा

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून इथे वेळ घालवा. महावितरणच्या ॲपवर मागच्या बारा महिन्यांची बिलं मिळतात. प्रत्येक महिन्याचे युनिट वहीत लिहा. फक्त मे महिन्याचं बिल बघून कधीच ठरवू नका.

आपल्याकडे घरगुती विजेचे चार स्लॅब आहेत: 100 पर्यंत, 101 ते 300, 301 ते 500 आणि त्यापुढे. 2024-25 च्या दरांनी वहन आकार (वीज घरापर्यंत पोचवण्याचे पैसे) धरून पहिले 100 युनिट साधारण 6 रुपयांना पडत होते, पुढचे 200 साधारण साडेअकराला. 300 च्या वर गेलात की पंधराच्या पुढे. या सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क. दर दरवर्षी थोडे हलतात, पण ही चढण कायम आहे. कमी वापराच्या घरांना आणि शेतीपंपांना वीज स्वस्त द्यायची, तर तो भार कुणावर तरी टाकावाच लागतो. तो उद्योगांवर आणि जास्त वापराच्या घरांवर येतो.

सोलरचा प्रत्येक युनिट तुमच्या बिलातल्या सगळ्यात वरच्या, म्हणजे सगळ्यात महाग युनिटाची जागा घेतो. एक उदाहरण पाहू. महिन्याला 300 युनिट वापरणारं घर आहे. एक किलोवॉटमधून वर्षाच्या सरासरीने रोज चार, म्हणजे महिन्याला 120 युनिट मिळतात असं धरू.

पहिला किलोवॉट: वापर 300 वरून 180 वर येतो. सगळे 120 युनिट साडेअकराच्या स्लॅबमधले. शुल्कासह बचत महिन्याला साधारण 1,600 रुपये.

दुसरा किलोवॉट: 180 वरून 60. यातले 80 युनिट महागातले, 40 स्वस्तातले. बचत साधारण 1,345.

तिसरा किलोवॉट: उरलेत फक्त 60 युनिट, तेही सहा रुपयांचे. बचत साधारण 420. बाकीचे 60 युनिट शिल्लक जातात.

आता खर्चाच्या बाजूने बघा. दोन किलोवॉटचं कोटेशन समजा 1,35,000 आलं. अनुदान वजा जाता 75,000 खिशातून. वर्षाची बचत 35 हजारांच्या घरात. म्हणजे सव्वादोन वर्षांच्या आत पैसे वसूल. तिसऱ्या किलोवॉटला विक्रेता 55 हजार जादा मागत असेल, तर अनुदान जाऊन 37 हजार. बचत वर्षाला पाच हजार. तिथे सात वर्षांहून जास्त लागतात. तेच घर महिन्याला 400 युनिट वापरत असेल तर तिसरा किलोवॉटही झटक्यात वसूल होतो. सुरतच्या किंवा बडोद्याच्या नातेवाइकाचा हिशेब म्हणूनच आपल्याला लागू पडत नाही. तिथल्या दरांची चढण आपल्याइतकी तीव्र नाही.

पुढच्या एक-दोन वर्षांत एसी, इंडक्शन शेगडी किंवा विजेवरची स्कूटर येणार असेल तर ती धरा. ‘कधीतरी घेऊ’ असेल तर धरू नका.

3. 31 मार्चचा नियम समजून घ्या

नेट मीटरिंगमध्ये दुपारी तुम्ही ग्रीडला दिलेले युनिट रात्री वापरलेल्या युनिटांतून वजा होतात. महिन्याअखेर शिल्लक राहिली तर ती पुढच्या महिन्यात जाते. पण हे खातं आर्थिक वर्षाचं आहे. 31 मार्चला उरलेले युनिट वीज कंपनी ठरलेल्या दराने विकत घेते, आणि तो दर तुम्ही वीज घेता त्या दराच्या मानाने फारच कमी असतो.

आपल्या हवामानात याचा तोटा कसा होतो ते पाहा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आकाश स्वच्छ, पंखे बंद, एसी बंद. शिल्लक साठत जाते. आणि नेमका एप्रिल-मेचा वापर सुरू होण्याच्या तोंडावर ती शिल्लक स्वस्तात निघून जाते. पावसाळ्यात उत्पादन निम्म्यावर येतं, त्या वेळी मागची शिल्लक नसते. म्हणून वर्षाच्या एकूण वापरापेक्षा थोडी कमीच क्षमता घ्या, असं मी प्रत्येकाला सांगतो. छत मोठं आहे म्हणून भरून टाकायचं नाही.

दुसरं म्हणजे, हे नियम बदलू शकतात. 2019 मध्ये राज्य वीज नियामक आयोगाच्या मसुद्यात नेट मीटरिंगला महिन्याला 300 युनिटांची मर्यादा घालायचा प्रस्ताव होता. लोकांच्या हरकतींनंतर अंतिम नियमांत ती मर्यादा आली नाही. 2025 च्या दरवाढीच्या सुनावणीत दिवसाची वीज आणि संध्याकाळची वीज यांत फरक करण्यावरून पुन्हा वाद झाला. आयोग मसुदा जाहीर करतो तेव्हा हरकत नोंदवण्याचा हक्क प्रत्येक ग्राहकाला आहे, आणि त्याचा उपयोग होतो. तुम्ही सोलर बसवलंत की हा विषय तुमचा झाला, तेव्हा त्या बातम्या वाचत जा. 25 वर्षांची बचत छापलेला तक्ता कुणी दाखवला तर त्यातली पहिली पाच-सहा वर्षंच हिशेबात धरा.

4. छत तपासा

किलोवॉटला साधारण 100 चौरस फूट मोकळी जागा लागते. सकाळी नऊला, दुपारी बाराला आणि चारला छतावर जाऊन सावल्या बघा. पाण्याची टाकी, जिन्याची खोली, शेजारचं नारळाचं झाड, डिश अँटेना. एका पॅनलच्या कोपऱ्यावर पडलेली सावली त्या ओळीतल्या सगळ्या पॅनलचं उत्पादन खाली ओढते. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो आणि सावल्या लांब पडतात, म्हणून उन्हाळ्यात पाहणी करत असाल तर दक्षिणेकडच्या अडथळ्यांना जास्त अंतर द्या. पॅनलचं तोंड दक्षिणेला, कल 15 ते 20 अंश.

पत्र्याचं छत असेल तर पत्रा कुठे गंजलाय, कैच्या किती अंतरावर आहेत हे फॅब्रिकेशनवाल्याकडून आधी तपासून घ्या. पॅनल एकदा बसले की पत्रा बदलणं फार खर्चिक. स्लॅबला भोकं पाडण्याऐवजी सिमेंटचे ठोकळे ओतून त्यावर सांगाडा उभा करता येतो. वॉटरप्रूफिंग शाबूत राहतं.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर गच्ची सगळ्यांची आहे. सोसायटीचा ठराव आणि ना-हरकत पत्र हातात आल्याशिवाय एक रुपयाही आगाऊ देऊ नका. बऱ्याच सोसायट्यांत एकेकट्याने भांडण्यापेक्षा सामाईक मीटरवर सोलर घेऊन देखभाल शुल्क कमी करणं सोपं जातं.

5. कागदपत्रं आणि नावाचा घोळ

लागणारे कागद थोडेच:

- नुकतंच भरलेलं वीज बिल (बारा आकडी ग्राहक क्रमांक स्पष्ट दिसेल असं)
- आधार आणि पॅन
- घरपट्टीची पावती किंवा मालकीचा इतर पुरावा
- रद्द केलेला धनादेश किंवा पासबुकाचं पहिलं पान
- छताचा फोटो
- सोसायटी असेल तर ना-हरकत पत्र

पण अर्ज अडतात ते कागदांच्या अभावी नाही, नावामुळे. गावाकडच्या कितीतरी घरांची बिलं आजही वारलेल्या आजोबांच्या नावावर येतात. आमच्या मावशीकडे बिल काकांच्या नावावर होतं, बँकेत नाव मावशीचं, आणि आधारवर आडनावाचं स्पेलिंग तिसरंच. अनुदान बिलावरच्या ग्राहकाला मिळतं, म्हणून बिलावरचं नाव, आधार आणि बँक खातं तिन्ही जुळली पाहिजेत. नाव बदलण्याचा अर्ज महावितरणच्या संकेतस्थळावर करता येतो. वारसाच्या बाबतीत मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती लागते. हे काम सोलरच्या अर्जाच्या आधी उरका. थकबाकीही आधी भरा.

बिलावर ‘मंजूर भार’ लिहिलेला असतो, तोही बघून ठेवा. भार एक किलोवॉट आणि सोलर तीनचं असेल तर भार वाढवावा लागतो.

6. अर्ज

अर्ज फक्त पीएम सूर्यघरच्या राष्ट्रीय पोर्टलवर किंवा सरकारी ॲपवर करायचा. पत्त्याच्या शेवटी डॉट जीओव्ही डॉट इन आहे ना, एवढं बघा. राज्य, वीज कंपनी, ग्राहक क्रमांक, मोबाइल, ओटीपी. अर्जाला फी नाही. ‘सोलर योजनेत तुमचं नाव लागलंय, नोंदणीचे 500 रुपये भरा’ असे फोन येतात, लिंक येतात. ते सगळे खोटे.

मोबाइल नंबर तुमचाच द्या. विक्रेते सोयीसाठी स्वतःचा नंबर टाकतात, मग सगळे ओटीपी त्याच्याकडे जातात आणि अर्ज कुठवर आलाय हे कळायला तुम्हाला त्याचीच वाट बघावी लागते.

2024 च्या सुधारित ग्राहक हक्क नियमांनुसार 10 किलोवॉटपर्यंतच्या यंत्रणेला तांत्रिक तपासणीची अट नाही, अर्ज मंजूर झाला असंच धरलं जातं. 5 किलोवॉटपर्यंत वीज यंत्रणा सक्षम करण्याचा खर्चही वीज कंपनीने करायचा आहे. ‘तुमच्या डीपीवर जागा नाही, त्याचे वेगळे पैसे पडतील’ असं कुणी सांगितलं तर हे लेखी मागा.

7. विक्रेता आणि कोटेशन

विक्रेता पोर्टलच्या यादीतलाच हवा, नाहीतर अनुदान नाही. तिघांकडून कोटेशन घ्या. एकूण रकमेवर समाधान मानू नका, पुढच्या गोष्टी त्यात लिहिलेल्या असाव्यात असा आग्रह धरा.

पॅनल डीसीआर आहेत का? म्हणजे सेल आणि पॅनल दोन्ही भारतात बनलेले. अनुदानाला हे बंधनकारक आहे. बिगर-डीसीआर पॅनल स्वस्त असतात आणि स्वस्तातल्या कोटेशनमागे बहुतेक वेळा तेच कारण असतं.

पॅनल आणि इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) दोन्हींची क्षमता किती? अनुदान दोन्हींत जी कमी असेल तिच्यावर ठरतं. पॅनल 3.3 किलोवॉटचे आणि इन्व्हर्टर दोनचा असेल तर अनुदान दोनचं.

सांगाडा कशाचा, उंची किती, पत्र्याची जाडी किती? कोकणात खाऱ्या हवेने साधा रंग दिलेलं लोखंड लवकर खातं. तिथे हॉट डिप गॅल्व्हनाइज्डच, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं लोखंडच हवं. अर्थिंगचे तीन स्वतंत्र खड्डे आणि वीजरोधक दामात धरलेत का, तेही बघा. पैसे वाचवायला पहिली कात्री तिथेच लागते आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या वळवाच्या विजांत ती महागात पडते.

जीएसटीही तपासा. 22 सप्टेंबर 2025 पासून सोलर साहित्यावर 12 ऐवजी 5 टक्के कर आहे. बसवण्याच्या कामाचा भाग धरून एकूण नऊ टक्क्यांच्या आत बसतो. जुन्या दराने कोटेशन देणारे अजून आहेत. नेट मीटर या योजनेत महावितरण स्वतः देते, तेव्हा मीटरचे वेगळे पैसे लावले असतील तर का ते विचारा.

पैसे टप्प्याने द्या: थोडे करारावर, मोठा भाग साहित्य घरी आल्यावर अनुक्रमांक पाहून, आणि शेवटचे नेट मीटर बसून यंत्रणा सुरू झाल्यावर. ‘अनुदान आमच्याकडे वळवा, तुम्ही फक्त उरलेले द्या’ या सौद्यात पडू नका. अनुदान थेट तुमच्या खात्यात येतं. पोर्टलवर कराराचा नमुना आहे. त्यात पाच वर्षांची देखभाल विक्रेत्यावर आहे. तोच करार करा.

हाताशी रक्कम नसेल तर तीन किलोवॉटपर्यंत दोन लाखांपर्यंतचं विनातारण कर्ज सरकारी बँका जनसमर्थ पोर्टलमार्फत देतात. व्याज रेपो दराशी बांधलेलं असल्याने वैयक्तिक कर्जापेक्षा बरंच स्वस्त पडतं. विक्रेत्याने जोडून दिलेल्या खासगी फायनान्सवर सही करण्याआधी बँकेत एक चक्कर मारा.

8. वीज गेल्यावर काय होतं

योजनेत बसणारी बहुतेक यंत्रणा ग्रीडला जोडलेली, बॅटरीशिवायची असते. लाइट गेली की ती भर दुपारी उन्हातही बंद पडते. तुमच्या छतावरून वीज तारांत गेली तर खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवावर बेतेल, म्हणून ही बंद पडण्याची सोय मुद्दाम केलेली आहे. हे आधी न सांगितल्यामुळे किती लोकांची चिडचिड होते! भारनियमन जास्त असलेल्या भागात राहत असाल तर घरातला जुना बॅटरी-इन्व्हर्टर ठेवा, किंवा हायब्रिड, म्हणजे बॅटरी जोडता येणाऱ्या सोलर इन्व्हर्टरचा दर वेगळा मागा. बॅटरीला वेगळं अनुदान नाही, आणि नुसत्या बचतीच्या हिशेबाने ती परवडत नाही.

9. मीटर बसल्यावर पहिलं बिल

काम झाल्यावर विक्रेता पॅनलचे अनुक्रमांक आणि फोटो पोर्टलवर चढवतो, महावितरणची माणसं तपासणी करून मीटर बसवतात, मग तुम्ही बँक तपशील भरून अनुदानाची मागणी करता. मागणी नोंदवल्यावर साधारण महिनाभरात रक्कम जमा होते. बँक तपशील भरणं राहून गेलं म्हणून वाट बघत बसलेली माणसं मला भेटली आहेत, तेव्हा पोर्टलवर जाऊन स्वतः खात्री करा.

पहिल्या बिलावर सगळ्यांचा एकच गोंधळ होतो. इन्व्हर्टरचं ॲप म्हणतं 240 युनिट तयार झाले, बिलात निर्यात, म्हणजे ग्रीडला दिलेली वीज, 150 च दिसते. 90 युनिट कुठे गेले? ते घरातच वापरले गेले. दुपारी फ्रिज, पंखा, मिक्सर, पाण्याची मोटर चालली ती थेट छतावरच्या विजेवर. मीटरपर्यंत ती वीज पोहोचलीच नाही. तो तुमचा फायदाच आहे. बिलात तपासायचं ते एवढंच: आयात (ग्रीडकडून घेतलेली वीज) वजा निर्यात, त्यात मागची शिल्लक, आणि मीटरवर सरकत जाणारे दोन आकडे बिलाशी जुळतात का. रीडिंगच्या दिवशी मीटरचा फोटो काढून ठेवा. निर्यातीच्या रकान्यात शून्य आलं तर 1912 वर लगेच तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. पुढच्या बिलात आपोआप दुरुस्त होईल म्हणून थांबू नका.

पॅनल आठ-पंधरा दिवसांनी धुवा, सकाळी ऊन तापायच्या आत, साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. बोअरचं पाणी जड असेल तर पांढरे डाग धरतात. ते कोरड्या फडक्याने लगेच पुसा. जवळ बांधकाम, वीटभट्टी किंवा मळणी चालू असेल तर धूळ लवकर बसते.

फेब्रुवारीत एकदा शिल्लक युनिट बघा. बरीच असली तर मार्चमध्ये गॅसऐवजी इंडक्शनवर स्वयंपाक करा, गीझर विजेवर चालवा, गोधड्या-चादरींची मोठी धुणी त्याच महिन्यात मशीनला लावा. 31 तारखेला ते युनिट तसेही कवडीमोलाने जाणार असतात.